थप्पी नको, रॅक चालेल : गोदामात व्हेंडिंग मशीन्स कशी ठेवाल?

व्हेंडिंग मशीनच्या धंद्यात नवीन जागा मिळवण्याची धडपड सगळ्यांना दिसते. जुनी जागा सुटल्यावर होणारी धावपळ मात्र मालकालाच ठाऊक असते. आयटी पार्कमधला करार संपतो, कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागते, एखादी कंपनी ऑफिसचे दोन मजले सोडून देते आणि चार-सहा मशीन्स एकदम परत येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऑफिसेच ओस पडली, तेव्हा छोट्या ऑपरेटरांनाही 'एवढी मशीन्स ठेवायची कुठे' हा प्रश्न पडला. तेव्हापासून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. एकावर एक ठेवली तर चालतात का? टेम्पोत आडवे घातले तर बिघडते का? रॅकवर चढवावे की जमिनीवरच बरे? गोदामात पाणी शिरले तर भरपाई कोण देणार?

इथे मुख्यतः माणसाच्या उंचीची, काचेच्या दाराची, स्नॅक्स आणि थंड पेयांची मशीन्स धरली आहेत. टेबलावरच्या चहा-कॉफी मशीनचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे दिले आहेत.

एकावर एक ठेवायची का?

नाही. खोक्यातून काढलेले, वापरलेले मोठे मशीन दुसऱ्या मशीनवर ठेवू नका. मध्ये प्लायवूड घातले तरी नको, दोन्ही पट्ट्याने बांधली तरी नको.

कारण मशीनच्या बांधणीत आहे. मोठे मशीन साधारण १८३ सेंटीमीटर उंच, ९० ते १०० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटरच्या आसपास खोल असते. रिकाम्याचे वजन बहुधा २५० ते ३५० किलोच्या दरम्यान भरते. हे सगळे वजन सांगाड्यातून खाली चार पायांवर उतरते. वरचा पत्रा धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून असतो, ओझे पेलण्यासाठी नाही. त्यावर ३२० किलोचे दुसरे मशीन ठेवले की एकेका पायाखाली ८० किलो येतात. पत्रा दबतो, सांगाडा एक-दोन मिलीमीटर तिरका होतो आणि दार नीट बसेनासे होते. दाराचे रबर बसले नाही की गारवा बाहेर जातो. पुढे ग्राहकाच्या जागी मशीन लावल्यावर 'कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो' अशी तक्रार येते, आणि तिचे मूळ गोदामातल्या त्या थप्पीत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोठा धोका मात्र माणसांना आहे. एकटे मशीन सपाट जमिनीवर उभे असेल आणि त्याचा भार मध्यभागी असेल, तर ते पुढे किंवा मागे साधारण २५ अंश कलल्यावर पडते. तेच मशीन पॅलेटसकट दुसऱ्याच्या डोक्यावर चढवले की ही मर्यादा १२ अंशांपर्यंत खाली येते. काचेचे जड दार पुढे असल्याने प्रत्यक्षात पुढच्या बाजूला ती आणखी कमी असते. फोर्कलिफ्टचा एक ओझरता धक्का किंवा खचलेली एक लादी तेवढ्याला पुरते.

मशीन अंगावर पडणे म्हणजे काय, याची सार्वजनिक नोंद अमेरिकेत आहे. तिथल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने १९९५ मध्ये जाहीर केले की १९७८ पासून शीतपेयांची मशीन्स अंगावर पडून किमान ३७ जणांचा मृत्यू झाला आणि ११३ जण जखमी झाले. बहुतेक प्रसंगांत पैसे किंवा फुकट बाटली मिळावी म्हणून कोणीतरी मशीन हलवत होते. ती सगळी जमिनीवर उभी असलेली, एकेकटी मशीन्स होती. गोदामात तर ती हलवणे हेच रोजचे काम असते.

नव्या, खोकाबंद मशीन्सना अपवाद आहे का?

आहे, पण तो खोक्यावर लिहिलेला असेल तरच. कारखान्यातून आलेल्या खोक्यावर हाताळणीची चिन्हे छापलेली असतात. माल उतरवणाऱ्या मुकादमाला ती दाखवून ठेवा.

- वर टोक केलेले दोन बाण : हीच बाजू वर. आडवे करायचे नाही.
- छत्री : पाण्यापासून जपा.
- एकावर एक दोन चौकोन आणि त्यांवर फुली : थप्पी लावायची नाही.
- थप्पीच्या चौकोनात आकडा : इतक्याच नगांची थप्पी.
- वरून दाबणाऱ्या खुणेसोबत किलोंमधला आकडा : यावर इतकेच वजन.

नगांच्या आकड्याबाबत नेहमी गोंधळ होतो. '२' म्हणजे खालच्या खोक्यासकट दोन, की त्यावर आणखी दोन? पुरवठादाराला ईमेल करून लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत खालचे खोके धरूनच मोजा.

खोक्याचे पुठ्ठेसुद्धा कायम तेवढेच मजबूत राहत नाहीत. पुठ्ठ्याची ताकद मुख्यतः कोपऱ्यांत असते आणि दमट हवेत ती झपाट्याने उतरते. जुलैत कोकणपट्टीतल्या हवेत आठवडेच्या आठवडे राहिलेल्या खोक्याची मजबुती कोरड्या दिवसांच्या निम्म्यावर येऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात दोनची थप्पी ज्या खोक्यांनी पेलली, ती पावसाळ्यात पेलतीलच असे धरू नका. खालच्या खोक्याचा कोपरा फुगला, पुठ्ठ्यावर आडवी सुरकुती पडली किंवा थप्पी किंचित एका अंगाला गेली, तर त्याच दिवशी वरचे खोके उतरवा.

जागेचा हिशोब एकदा कागदावर करा

थप्पीचा मोह भाड्यामुळे होतो, म्हणून ते गणित मांडून पाहणे बरे. एका मशीनला स्वतःची जागा सुमारे ८ ते ९ चौरस फूट लागते. समोरच्या वाटेचा वाटा धरला की २० ते २५. समजा तुमच्या गाळ्याचे भाडे महिन्याला चौरस फुटामागे २० रुपये आहे. मग जमिनीवर उभ्या मशीनचा खर्च महिना ४०० ते ५०० रुपये पडतो. दोनची थप्पी लावून प्रत्येकी दोनशे-अडीचशे रुपये वाचतील. त्यासाठी दोन-अडीच लाखांच्या वस्तूचा सांगाडा आणि खालून ये-जा करणाऱ्या माणसाचा जीव पणाला लावण्यात कोणताही हिशोब बसत नाही. मशीन वर्षभर लागणारच नसेल, तर ते विकणे किंवा भाड्याने देणे हाच जागा वाचवण्याचा खरा मार्ग आहे.

जमिनीवर ठेवताना

पंधरा-वीस मशीन्सपर्यंतच्या ऑपरेटरसाठी हाच सर्वांत चांगला पर्याय. फक्त 'जमिनीवर' म्हणजे थेट लादीवर नव्हे.

१. मशीन पॅलेटवर घ्या. १२०० बाय १००० मिलीमीटरचे नेहमीचे पॅलेट चालते, पण त्यावर १८ मिलीमीटरचे प्लायवूड टाका. मशीनचे पाय छोटे असतात आणि पॅलेटच्या पट्ट्यांमधल्या फटीत नेमके तेच उतरतात. एक पाय फटीत गेला की अख्खे मशीन त्या कोपऱ्यावर कलते.

२. मधल्या ओळींत मशीन्स पाठीला पाठ लावून ठेवा, मध्ये दहा सेंटीमीटर सोडा. भिंतीलगतच्या ओळीमागे माणूस तिरका होऊन आत जाईल एवढे, म्हणजे ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर हवे. उंदीर, वाळवी आणि गळती त्या फटीतूनच दिसते.

३. दारे वाटेकडे येऊ द्या. दार उघडता आले नाही तर तपासणी होत नाही.

४. वाट कोणत्या गाडीसाठी आहे ते आधी ठरवा. हँड पॅलेट ट्रकला पावणेदोन-दोन मीटर पुरतात, स्टॅकरला अडीच मीटरच्या आसपास आणि साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन मीटर लागतात. वाट अरुंद असली की चालक मशीनला घासून गाडी काढतो.

५. वरच्या स्प्रिंकलरपासून किमान अर्धा मीटर मोकळे सोडा. विजेचा बोर्ड, अग्निशामक आणि बाहेरचा दरवाजा यांच्यासमोर 'फक्त दोन दिवसांसाठी' सुद्धा मशीन लावू नका.

पोटमाळा आणि राहत्या इमारतीतले फ्लॅट यांचा वेगळा विचार करा. ३२० किलोचे मशीन आपल्या तळाखालच्या जागेवर दर चौरस मीटरला सुमारे चारशे किलो भार टाकते. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची फरशी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या भारासाठी धरलेली असते. ऑफिसची फरशी २५० ते ४०० किलोंसाठी. तेव्हा भाडे वाचवायला जुन्या फ्लॅटमध्ये सहा मशीन्स ओळीने उभी करणे धोक्याचे आहे. गाळ्याच्या पोटमाळ्यावर मशीन चढवायचे असेल, तर मालकाकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेला भाराचा आकडा लेखी घ्या. 'इथे आधी कापडाचे तागे असायचे, काही झाले नाही' हे उत्तर पुरेसे नाही.

रॅकवर चढवायचे असेल तर

उंची वापरायचीच असेल, तर वरच्या मशीनचे वजन रॅकने पेलले पाहिजे, खालच्या मशीनने नव्हे. भिवंडीजवळ माणकोली, काल्हेर, पूर्णा, वळ या गावांच्या हद्दीत गोदामांच्या रांगा आहेत आणि तिथल्या नव्या गोदामांत पॅलेट रॅक सहज मिळतात. मात्र ते बहुधा खोक्यांच्या मालासाठी लावलेले असतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

मशीन १८३ सेंटीमीटर, पॅलेट १५, वर उचलायला दहा-बारा सेंटीमीटर मोकळी जागा; म्हणजे एका कप्प्याची उंची दोन मीटर दहा सेंटीमीटर तरी हवी. कप्पे दीड-पावणेदोन मीटरचे असतील, तर गोदामवाला आडवी बीम काढून वर सरकवून देतो. दिसायला काम दहा मिनिटांचे. पण उभ्या खांबांची ताकद दोन बीममधल्या अंतरावर अवलंबून असते. अंतर वाढले की तोच खांब कमी वजनावर वाकतो. रॅकला लावलेला भाराचा फलक जुन्या अंतराचा असतो, बीम सरकवल्यावर तो खोटा ठरतो. म्हणून बीम हलवली तर रॅकच्या पुरवठादाराकडून नवा हिशोब आणि नवा फलक मागा. तो नसेल, तर त्या रॅकवर मशीन ठेवू नका.

बाकी तपासणी तुम्ही स्वतःच करू शकता.

- एका बीमच्या जोडीवर तीन मशीन्स येणार असतील, तर पॅलेटसकट वजन जवळपास १,०३५ किलो होते. फलकावरचा आकडा याहून मोठा आहे ना?
- रॅकचे पाय जमिनीत बोल्टने पक्के आहेत का? प्रत्येक बीमच्या टोकाला सुरक्षेची पिन आहे का? ही पिन हरवलेली असणे फार वेळा दिसते. फोर्क खालून लागला की पिन नसलेली बीम वर उचलली जाऊन निसटते.
- खांबाला एक मीटरची सरळपट्टी लावून पाहा. तीन मिलीमीटरहून जास्त वाक दिसला, तर त्या खणातला माल उतरवून पुरवठादाराला बोलवा.
- जड मशीन्स सर्वांत खालच्या कप्प्यात, हलकी वर. दुसऱ्या पातळीच्या वर पूर्ण उंचीचे मशीन नेऊ नका.
- वर ठेवलेल्या प्रत्येक मशीनला पॅलेटशी पट्ट्याने बांधा.

उचलताना, वळवताना, उतरवताना

ठेवलेले मशीन क्वचितच पडते. बहुतेक वेळा ते हलवताना पडते.

हलवण्याआधी आतला सगळा माल काढा. ३३० मिलिलिटरचे ५०० कॅन आत असले तर नुसत्या पेयाचेच १६५ किलो होतात, आणि ३२० किलोचे म्हणून बोलावलेली माणसे प्रत्यक्षात पाचशे किलोला हात घालतात. सैल ट्रे टेपने बांधा, दार कुलूपबंद करा, किल्लीवर मशीनचा नंबर लिहून ती वेगळी ठेवा. पैशांची पेटी रिकामी करा. यूपीआयचे यंत्र बसवलेले असेल, तर त्यातले सिम काढून घ्या किंवा बंद करा.

फोर्क कुठून घालायचा हे मशीनच्या माहितीपुस्तकात दाखवलेले असते. काही मॉडेलना तळाखाली लाकडी ठोकळे लागतात, कारण तिथून ड्रेनची नळी किंवा कंडेन्सर गेलेला असतो. फोर्क मशीनच्या पूर्ण खोलीभर आत गेला पाहिजे. मग उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर रॅचेट पट्टा आवळा. काच आणि कीपॅड त्याखाली येऊ देऊ नका, कडांना पुठ्ठ्याचे कोपरे लावा. गाडी चालवताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवर आणि मागे किंचित कललेला असावा. मशीन उंच उचलून वळण घेणे सक्त बंद करा. उतारावर भार नेहमी चढाच्या बाजूला ठेवा.

कललेले मशीन हाताने सावरायला कोणी धावू नये. ही सूचना दर वेळी काम सुरू होण्याआधी मोठ्याने द्या, कारण माणूस सवयीने हात पुढे करतोच. तीनशे किलो पडू लागले की ते चार जणांनाही थांबवता येत नाही. ते पडू द्यायचे आणि बाजूला व्हायचे.

आडवे केले तर?

गॅसवर थंड होणारे मशीन आडवे करू नका. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते, शिवाय कॉम्प्रेसर आत स्प्रिंगवर टांगलेला असतो आणि तो जागेवरून सुटू शकतो. टेम्पोची उंची कमी म्हणून आडवे घालणे हे सर्वांत महागात पडणारे काटकसरीचे काम आहे. तरीही कोणी आडवे आणलेच, तर उभे करून २४ तास वीज न जोडता राहू द्या आणि मशीनच्या कार्डावर तशी नोंद करा.

साठवण्याआधीची स्वच्छता

महिनाभराहून जास्त ठेवायचे असेल, तर एवढे करा :

- कॉफी मशीनची टाकी, बॉयलर आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा. दूध पावडरचे डबे काढून धुवा आणि कोरडे करून वेगळे ठेवा. पावडर राहिली तर दमट हवेत तिचा दगड होतो आणि झुरळे आधी तिथेच येतात.
- थंड कप्पा पुसून पूर्ण वाळवा. दार घट्ट बंद ठेवले तर आत बुरशी येते. दाराच्या रबराला एक-दोन सेंटीमीटरची फट राहील असा ठोकळा लावा आणि दार पट्ट्याने बांधून ठेवा.
- ड्रेनची ताटली काढा. वायरची भोके जाळीने बंद करा, उंदरांना वायरचे आवरण फार आवडते.
- प्लास्टिकने खालपर्यंत हवाबंद गुंडाळू नका. आत अडकलेला ओलावा पत्र्याला गंज आणतो. वरून धूळ बसणार नाही असे कापडी किंवा सैल आवरण पुरे.

आत चॉकलेट किंवा कॅन राहू देऊ नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उष्णता इतकी चढते की कॅन फुगून फुटतात, आणि सांडलेल्या साखरेने सगळी यंत्रणा चिकटते.

आतला गॅस कोणता आहे?

मशीनच्या पाठीमागच्या पट्टीवर हे लिहिलेले असते. जुन्या मशीन्समध्ये बहुधा आर-१३४ए असतो, तो पेट घेत नाही. बऱ्याच नव्या मशीन्समध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. तो पर्यावरणाला बराच बरा, पण ज्वालाग्राही आहे.

घाबरून जाण्याचे कारण नाही, प्रमाण समजून घ्या. अशा मशीनमध्ये पूर्वीच्या मर्यादेप्रमाणे १५० ग्रॅमपर्यंत प्रोपेन असतो. तो सगळा गळला, तरी सुमारे चार घनमीटर हवाच पेट घेण्याजोगी होईल. उंच, हवेशीर गोदामात तो विरून जातो. मात्र प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणून अशी मशीन्स तळघरात, खड्ड्यालगत, बंद खोलीत किंवा फोर्कलिफ्टची बॅटरी चार्ज होते त्या कोपऱ्यात ठेवू नका. जवळपास वेल्डिंग होऊ देऊ नका. नळी दबली असेल, तर वीज जोडण्याआधी ज्वालाग्राही गॅसचे काम येणाऱ्या मेकॅनिकला दाखवा.

आगीच्या बाबतीत एक कागद मागायला संकोचू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यायचे असते. परवानाधारक एजन्सी ते 'फॉर्म बी' मध्ये देते. गाळा घेताना शेवटच्या फॉर्म बीची प्रत मागा. मशीनच्या भिंतींत फोम भरलेला असतो, तो पेटला की विषारी धूर होतो, म्हणून ही यंत्रणा नावापुरती असून चालत नाही.

पावसाळा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस रोज होत नाही, पण भिवंडीच्या सखल भागात कामवारी नदीचे पाणी चढणे नवीन नाही. जागा पाहायला मे महिन्यात जाता, तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या हमालांना विचारा, 'पाणी कुठपर्यंत येते?' आणि भिंतीवरची ओलीची रेघ स्वतः पाहा. मशीनचा कॉम्प्रेसर आणि बहुतेक वायरिंग तळाशी असते, त्यामुळे फूटभर पाणीसुद्धा मशीन निकामी करायला पुरते. पॅलेटची १५ सेंटीमीटर उंची ओल अडवते, पूर अडवत नाही. सखल भागातच जागा असेल, तर जूनच्या आधी मशीन्स रॅकच्या तळाच्या बीमवर घ्या.

टेबलावरची मशीन्स

चहा-कॉफीचे छोटे मशीन २० ते ३५ किलोंचे असते. मूळ खोक्यात आणि खोक्यावरच्या आकड्याप्रमाणे त्यांची थप्पी लावता येते. खोके कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ रचा. विटांसारखी सांधे मोडून रचना दिसायला पक्की वाटते, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या पोकळ भागावर येतो आणि पुठ्ठा बसतो. छातीच्या वर जाऊ नका. मूळ खोके फेकून दिले असतील, तर लोखंडी मांडणीवर एकेरी ठेवा.

माथाडी, हमाल आणि तुमची जबाबदारी

महाराष्ट्रात चढ-उताराच्या कामाला १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आहे. तुमच्या भागातल्या माथाडी मंडळाकडे तुमच्या आस्थापनेची नोंद लागते का, ते आधी विचारून घ्या. नाक्यावरून उचलून आणलेल्या माणसाला मशीनचे वजन, फोर्कची जागा, काच कुठे आहे हे काहीच माहीत नसते, आणि अपघात झाला की जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. कामावरच्या दुखापतीची भरपाई ही १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असलेली तरतूद आहे. 'रोजंदारीवर होता' हे त्यातून सुटण्याचे कारण नाही.

कामगार म्हणून तुम्ही हा लेख वाचत असाल, तर वजनाचा आकडा आणि योग्य साधन मागणे हा तुमचा हक्क आहे. पट्टा नाही, पॅलेट ट्रकचे चाक अडकते, जमीन ओली आहे, अशा वेळी काम थांबवून मुकादमाला सांगा आणि शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढून पाठवा.

नुकसान झाले तर कोणाचे?

तुमचा व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे, यावर उत्तर ठरते.

गाळा भाड्याने घेतला आणि किल्ली तुमच्याकडे आहे : मशीन्स तुमच्याच ताब्यात आहेत. पावसाने, आगीने किंवा चोरीने काही झाले, तर मालकाने छप्पर दुरुस्त केले नाही यासारखी ठोस चूक दाखवल्याशिवाय त्याच्याकडून काही मिळणे कठीण. विमा तुम्हालाच हवा.

मशीन्स गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या हवाली केली : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्या कंपनीने घेतली पाहिजे. तुमच्या संमतीशिवाय मशीन्सची थप्पी लावून तिने सांगाडे वाकवले, तर ती काळजी घेतली असे म्हणणे तिला जड जाईल. पण त्यासाठी तुमच्याकडे कागद हवा :

- मशीन आत गेल्याच्या दिवशीची पावती, तिच्यावर अनुक्रमांक आणि स्थिती;
- चारही बाजूंचे, दाराचे आणि तळाचे फोटो;
- करारात स्पष्ट ओळ : 'मशीन उभे ठेवावे, त्यावर काहीही ठेवू नये.'

याच करारात आणखी दोन ठिकाणी बारकाईने पाहा. 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असे कलम असेल, तर सही करण्याआधी ते काढून किंवा बदलून घ्या. दुसरे, थकीत भाड्यासाठी तुमचा सगळा माल अडवून ठेवण्याचा हक्क. कलम १७१ मध्ये असा सर्वसाधारण हक्क बँकर, फॅक्टर, धक्केमालक, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल यांनाच दिला आहे. इतरांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो, आणि म्हणूनच तो छापील करारात बारीक अक्षरांत घातलेला असतो.

विम्याच्या पॉलिसीवर गोदामाचा नेमका पत्ता आहे ना, ते पाहा. मशीन्स ग्राहकाकडे असताना काढलेली पॉलिसी गोदामातल्या मशीन्सना आपोआप लागू होईल असे धरू नका. पुराचे संरक्षण आहे का, आणि विमा रक्कम आजच्या किमतीला आहे का, हेही विचारा. रक्कम कमी दाखवली असेल, तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. मशीन चहा-कॉफीच्या कंपनीचे असेल आणि तुम्ही फक्त चालवत असाल, तर विमा कोणाच्या नावाने आहे ते आजच कंपनीकडून लिहून घ्या.

पुन्हा बाहेर काढताना

प्रत्येक मशीनला एक कार्ड लावलेले असले की हे काम सोपे होते. कार्डावर अनुक्रमांक, वजन, गॅस, पाणी काढल्याची तारीख, आडवे केले होते का आणि किल्लीचा नंबर एवढेच हवे. बाहेर काढताना आधी वायर आणि प्लग उंदरांनी कुरतडले आहेत का ते पाहा, मग इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. पाय फिरवून मशीन समपातळीत आणा. थंड कप्पा धुवा, कॉफी मशीनमधून दोन-तीन टाक्या गरम पाणी सोडून द्या. दार बंद करून रबरात कागदाची पट्टी धरून ओढा; ती कुठे सहज निघाली तर तिथून गारवा जाणार.

जी मशीन्स आता कधीच बाहेर जाणार नाहीत, ती कोपऱ्यात उभी ठेवून भाडे भरू नका आणि भंगारवाल्याला तोडायलाही देऊ नका, कारण तो गॅस हवेत सोडतो आणि फोम जाळतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडे ती द्या, पावती घ्या आणि त्या मशीनचे अनुक्रमांक विम्याच्या यादीतून काढून टाका.